दार फाळणीचा सण

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा होता. आम्ही ठाण्यातल्या या इमारतीत राहायला येऊन जेमतेम चार महिने झाले होते, म्हणून म्हटलं निदान आपल्या मजल्यावर तरी सोनं द्यावं, ओळखी होतील. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आपट्याची पानं घेऊन निघाले. सगळीकडे दारं सताड उघडी, उंबऱ्यावर झेंडूची तोरणं. फक्त टोकाच्या घराचं दार बंद. बेल वाजवली. परत वाजवली. आतून काही चाहूल नाही. सणासुदीचं दार लावून गेल्यात कुठे या मावशी, असं मनात म्हटलं आणि परत आले. (खरं सांगायचं तर जरा रागही आला होता. आदल्याच आठवड्यात पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडवरून आमची बोलाचाली झाली होती. त्याचाच राग धरून दार उघडत नाहीत की काय, असं वाटून गेलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आमच्या दारात उभ्या. हातात डबा. "काल तू येऊन गेलीस म्हणे, समोरचे सांगत होते. अगं, काल आमचा उपास होता. दिवसभर सिनेगॉगमध्ये होते. जुन्या लोकांच्या भाषेत दार फाळणीचा सण."

दार फाळणीचा सण. म्हणजे दार लावून घेण्याचा सण. मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि तो मराठी होता. ज्याला जगभर योम किप्पूर म्हणतात तो ज्यूंचा वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस. त्याला कोकणातल्या ज्यूंनी दिलेलं नाव हे. "आणि आज?" मी विचारलं. "आज शिळा सण," मावशी म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

तेव्हापासून या सणांच्या नावांनी माझी पाठ सोडलेली नाही. वर्षभर जे मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. मी काही इतिहासकार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची मूळकथा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांनी तिथेच पुरली. नवगावला ती जागा आजही दाखवतात. हे कधी घडलं? समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी इसवीसनापूर्वी १७५ च्या आसपासचा काळ धरला. दुसरे कुणी त्याहून जुना सांगतात, कुणी कितीतरी अलीकडचा. लेखी पुरावा म्हणाल तर तो अठराव्या शतकाच्या अलीकडेच सापडायला लागतो. २०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, असा दोघांचा वारसा असल्याचं दिसलं. म्हणजे कथेतल्या जहाजाचं माहीत नाही, पण समुद्रापलीकडून कुणीतरी आलं होतं आणि इथल्यांशी सोयरीक करून राहिलं होतं, एवढं नक्की.

वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे धरले. गावोगाव पांगले आणि गावांची नावं लावू लागले: पेणकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर, चेऊलकर, केहिमकर. लुगडी नेसली, मंगळसूत्रं घातली, हिरवे चुडे भरले. अब्राहामचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. आठवड्यातले सहा दिवस त्यांचा घाणा फिरे, शनिवारी थांबे. शेजाऱ्यांना त्यांच्यातला हा एकच फरक ठळक दिसत असणार, कारण त्यांनी यांना नाव दिलं 'शनवार तेली'. आमच्या आजीच्या तोंडात हा शब्द होता. ती पेणची. तिच्या लेखी ती एक जात होती, बस्स. कासार, साळी, शनवार तेली.

आता यातलं नवल बघा. या लोकांजवळ धर्मग्रंथ नव्हता. तोराहची गुंडाळी नाही, हिब्रू वाचता येत नाही, रब्बी नाहीत, सिनेगॉग नाही. मोशेनं लोकांना मिसरमधून कसं बाहेर काढलं, जेरुसलेमचं मंदिर कुणी पाडलं, यातलं फारसं काही स्मरणात उरलेलं नाही. ज्यू धर्माला आपण 'पुस्तकाचा धर्म' म्हणतो. पुस्तकच हरवल्यावर त्यातलं काय शिल्लक राहील?

राहिलं ते असं. शनिवारची विश्रांती. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. खाण्यातले विधिनिषेध. काही सण आणि उपास. आणि एक प्रार्थना, शेमा. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'ऐक'. इस्रायलला हाक मारून ईश्वर एकच आहे असं सांगणारं एक छोटंसं वाक्य, बस्स. सुंता असो, लग्न असो, नवस असो, मयत असो, हेच वाक्य म्हणायचं. बाकीचं सगळं हिब्रू गेलं, एवढं राहिलं.

मला हे वाचताना थांबावंसं वाटलं ते अशासाठी की ग्रंथात शेमाच्या पुढे जो मजकूर येतो तो सगळा घराबद्दलचा आहे. या गोष्टी मुलांना शिकवा, घरात बसल्यावर आणि वाट चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला, दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा, असा त्याचा आशय. (चौकटीवरची ती छोटी नळी, मेझुझा, मावशींच्या दारालाही आहे. मी इतके दिवस तिला जुन्या बेलचा काहीतरी भाग समजत होते!) म्हणजे हा पुढचा मजकूर कोकणातल्या लोकांना पाठ नसेलही, पण त्यात सांगितलेलं काम ते करत होते. देव घरात ठेवायचा, आणि तोही मूर्ती म्हणून देवघरात नव्हे, तर रोजच्या करण्या-न करण्यात.

आता सणांची नावं. केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला इतिहास लिहून काढला (तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला) आणि त्यात ही सगळी नावं नोंदली, हे त्यांचे मोठेच उपकार. वर्षाचा पहिला दिवस म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांत खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर आणि ऊद. दहाव्या दिवशी दार फाळणीचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करायचा. वल्हांडणाचा सण, म्हणजे पेसाह, ज्यात आठ दिवस आंबवलेलं काही खायचं नाही, तो इथे झाला 'अनाशी ढाकाचा सण'. अनाशी म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या आंबट पाण्याचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं. मिसरमधली गुलामी विसरली, लाल समुद्र विसरला, पण मडकं झाकायचं विसरलं नाही!

आणि जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा शोक, आव महिन्याची नवमी, तिचं नाव 'बिरड्याचा सण'. आधीचे आठ दिवस मांस वर्ज्य आणि त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचं बिरडं. रायगडातल्या माणसाला मी काय सांगावं, श्रावणात वालाचं बिरडं नाही तर दुसरं काय होणार. पण बाकीच्या जगातले ज्यू ज्या दिवशी जमिनीवर बसून विलापगीतं म्हणतात, तो दिवस एखादी आई वाल सोलत पाळते आहे आणि कशासाठी ते तिलाही ठाऊक नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुस्तक नाही, पंचांग नाही, मग तिथी कशा सांभाळल्या असतील? हा प्रश्न मला वाचता वाचता पडला आणि मी दिनदर्शिका घेऊन बसले. ज्यूंचं वर्ष आपल्यासारखंच चांद्र-सौर. त्यांच्यातही अधिक महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. आता जुळवून पाहा. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला, त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवसही ३ ऑक्टोबर. दहाव्या दिवशी आपला दसरा, त्यांचं योम किप्पूर. २०२५ मध्ये पुन्हा तेच, दोन्ही २ ऑक्टोबरला. वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे, हनुमान जयंतीला. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेला, आणि म्हणूनच कोकणात त्याचं नाव सरळ 'होळीचा सण'. दर वर्षी जुळतंच असं नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि नवरात्र त्यांच्या नव्या वर्षाच्या महिनाभर मागे पडलं. पण बहुतेक वर्षी एकाच अमावास्येनंतरचा चंद्र दोघं मोजत असतात. माझा आपला अंदाज असा की शेजाऱ्यांच्या चंद्रावर यांनी आपले सण टांगून ठेवले असावेत. गावात घट बसले की समजायचं, आपलाही नव्याचा सण आला. पुरावा काही नाही, नुसता अंदाज. कुणी खोडून काढला तर आनंदच होईल.

म्हणजे मग जुन्या काळच्या दसऱ्याचं दृश्य असं असणार: सगळं गाव सीमोल्लंघनाला बाहेर पडलंय, सोनं लुटतंय, आणि त्याच संध्याकाळी गावातली चार-पाच तेल्यांची घरं दारं लावून, पांढरे कपडे घालून, अन्नपाण्याविना आत बसलीयत. त्या दिवशी बाहेरच्यांशी बोलायचंही नाही अशी पद्धत होती. आणखी एक समजूत होती. आदल्या संध्याकाळी घरातल्या मेलेल्या माणसांचे आत्मे भेटीला येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आपला पितृपक्ष त्याच्या आधीच्याच पंधरवड्यात असतो, तेव्हा ही समजूत कुठून आली असेल ते सांगायला नको. ग्रंथातल्या योम किप्पूरमध्ये पितर येत नाहीत. पण वर्षाचा हिशेब देवापुढे मांडायला बसायचं आणि त्या बैठकीला आजा-आजी नाहीत, हे कोकणात कसं चालावं?

मग बाहेरचं जग आलं. पहिला आला दाविद रहाबी. तो नेमका कोण आणि कधीचा यावर वाद आहेत. परंपरा त्याला फार जुना मानते, काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला समजतात. पण त्याची गोष्ट मात्र ठाम आहे. हे लोक खरंच ज्यू आहेत का याची त्याला परीक्षा घ्यायची होती. ग्रंथ विचारून उपयोग नव्हता. त्यानं बायकांपुढे वेगवेगळे मासे टाकले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर-खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला केले. तोराहचा नियम तोच आहे, पर आणि खवले असतील तोच मासा खावा. रहाबीची खात्री पटली. मग त्यानं तिघांना प्रार्थना आणि विधी शिकवून तयार केलं, त्यांना लोक काजी म्हणू लागले आणि ते गावोगाव फिरून सुंता नि लग्नं लावू लागले.

ही गोष्ट घडली असेल-नसेल, पण रचणाऱ्यानंही परीक्षा कुठे घेतली बघा. चुलीपाशी. आणि परीक्षार्थी बायका.

अठराव्या शतकात बरेच जण मुंबईला आले, कंपनीच्या फौजेत शिरले. त्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपूच्या कैदेत सापडले होते. तिथून जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला, असं सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत शार हाराहामीम बांधलं, 'दयेचं द्वार'. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, कारण सिनेगॉगला मशीद म्हणायचीच पद्धत होती. हार्बर लाईनवरचं मशीद स्टेशन त्यावरूनच, असं बरेच जण मानतात. नवस बोलून बांधलेलं पहिलं सिनेगॉग! यापेक्षा मराठी काय असू शकतं.

खरी उलथापालथ झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही भलत्याच माणसांच्या हातून. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन. (विल्सन कॉलेजवाले तेच.) त्यांना ही लेकरं ख्रिस्ती करायची होती. म्हणून त्यांनी शाळा काढल्या, जुना करार मराठीत आणला, विल्सननी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. बेने इस्रायल मुलं शाळेत गेली, मोठी माणसं शिक्षक म्हणून नोकरीला लागली. त्यांनी मराठीत अब्राहाम वाचला, योसेफ वाचला, मोशे वाचला. आणि अनाशीचं मडकं का झाकायचं ते त्यांना समजलं. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे, बाकीचे जास्त पक्के ज्यू झाले. मिशनऱ्यांच्या कपाळी काय आलं ते असो, पण एका समाजाला त्याचं हरवलेलं पुस्तक परक्या धर्मप्रचारकांनी त्याच्या मातृभाषेत आणून द्यावं, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. कोचीनहून ज्यू शिक्षकही याच शतकात आले. हिब्रू प्रार्थना, चाली, विधी त्यांनी शिकवले.

पुढचं काम समाजानं स्वतःच अंगावर घेतलं. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी म्हणजे हागादा. ती १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. १८८० च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली, चक्क कीर्तनं, आपल्या हरिदासी थाटाची, विषय मात्र अब्राहामाचे नि मोशेचे. आणि १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हागादात ती चित्रं आली, जी मी पडद्यावर मोठी करकरून पाहिली: लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. मिसरमधून घाईनं निघालेल्या लोकांना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ती आठवण. त्या बायकांच्या बसण्याची ढब बघून मला आमच्याकडच्या पापड लाटण्याचीच आठवण झाली.

हागादाची रात्र मला फार आवडते. बायको-पोरं सगळी एका जेवणाभोवती, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलानं विचारायचं, आजची रात्र वेगळी का? उत्तर देणं हे बापाचं धर्मकर्तव्य. देवाबद्दलचा प्रश्न पोरानं विचारायचा, तोही जेवताना, ही कल्पनाच किती वेगळी आहे. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती.

पुस्तक आल्यावर जुनं सगळं गेलं का? बरंच गेलं. बिरड्याचा सण, खिरीचा सण ही नावं मावशींच्या पिढीलाही नुसती ऐकून माहीत. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत मात्र द्राक्षाच्या दारूऐवजी अजून चालतं. आणि एक गोष्ट पुस्तकात नसूनही तिला कुणी हात लावू शकलं नाही, ती म्हणजे मलिदा.

मलिदा एलियाहू हन्नाबीचा, एलिया संदेष्ट्याचा. जगभरच्या ज्यूंच्या घरी हा न दिसणारा पाहुणा आहेच. सुंतेला त्याची खुर्ची मांडतात, वल्हांडणाच्या रात्री त्याचा पेला भरून दार उघडतात. कोकणात त्याला पाहुणचार पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती पाच तऱ्हेची फळं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद निराळा, जमिनीतून येणाऱ्याचा निराळा, सुवासाचा निराळा, ते म्हणत म्हणत एकेक खायचं. नवस फेडायचा, घर घेतलं, लग्न ठरलं, कुणी दुखण्यातून उठलं, की मलिदा. नाव मुसलमान शेजाऱ्यांचं, पदार्थ आपला, संदेष्टा त्यांचा. अलिबागजवळ एका खडकावर एलियाच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तिथे लोक नवस बोलायला जातात. रथ इस्रायलमधून निघाला तो आकाशात जाण्याआधी अलिबागला टेकला. का नाही टेकणार?

हे सगळं लिहिताना मला समाजाचं नुसतं गोड चित्र रंगवायचं नाही. त्यांच्यातही गोरे आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. आई ज्यू नसलेल्यांची संतती ती काळे इस्रायल. त्यांच्याशी रोटी नाही, बेटी नाही. जातींच्या देशात राहून जात लागली, एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आई कोण होती हा प्रश्न त्यांनी आपल्यातल्याच माणसांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला.

आणि मग तोच प्रश्न त्यांना विचारला गेला.

१९४८ मध्ये इस्रायल झालं तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक जण तिकडे गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद. तिथे काही रब्बी त्यांची लग्नं इतर ज्यूंशी लावायला कचरू लागले. कारण हेच: हे लोक शेकडो वर्षं ग्रंथाशिवाय राहिले, लग्न-घटस्फोटाचे नियम त्यांना माहीत नव्हते, मग मधल्या पिढ्यांचं काय सांगावं? १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयानं निर्देश काढला की यांच्यापैकी कुणाचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. ज्यांनी शनिवारचा घाणा कधी फिरवला नाही त्यांना आता पणजीचे कागद दाखवायचे होते. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला, ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि त्यानंतर रब्बींनी निर्देशातून 'बेने इस्रायल' हे शब्द काढून सरसकट 'ज्यांच्याबद्दल शंका आहे ते' असे घातले.

मावशींना मी याबद्दल विचारलं होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रहाबीनं मासे टाकले, ते एक बरं होतं. मासे तरी घरात होते."

२०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू ४,६५०, त्यातले २,४६६ महाराष्ट्रात. आमच्या ठाण्यात १८७९ मध्ये बांधलेलं शार हाशामाईम अजून गजबजलेलं असतं, पण कोकणातल्या रेवदंड्यासारख्या ठिकाणी सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे खटपट. दहा जमले नाहीत तर तोराहचं जाहीर वाचन होत नाही. मलिद्याला असा आकडा लागत नाही, असं मावशी सांगतात. त्यांच्याकडे मागच्या वर्षी नातीची परीक्षा झाली म्हणून केला, तेव्हा त्या, त्यांची बहीण, शेजारच्या दोघी आणि मी, एवढेच होतो. "पुरुष कुठे आहे यात?" असं बहीण म्हणाली, त्यावर मावशींनी वर बोट दाखवलं, "एलियाहू आहे की."

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. ३० सप्टेंबरला रात्री मावशी दारात आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "वर्षभरात माझ्याकडून काही लागलं असेल बोलण्यातून, तर मनात ठेवू नकोस." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की दार फाळणीच्या दिवशी देव माफ करतो ते त्याच्याशी केलेल्या चुकांना. माणसाशी केलेल्या चुकांची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते, आणि ती दार लावायच्या आधी. तिथे देवाचा वशिला नाही. "तो चपलांचा स्टँड," त्या म्हणाल्या, "त्या वेळी मी जरा जास्तच बोलले होते." मी म्हटलं, मावशी, जास्त मीच बोलले होते, आणि वर्षभर तुमच्यासारखी येऊन सांगितलंही नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी मजल्यावर सगळ्यांना पानं दिली. टोकाच्या दाराची बेल वाजवली नाही. त्यांची पानं फ्रीजमध्ये जपून ठेवली आणि ३ तारखेला सकाळी घेऊन गेले.

"शिळं सोनं आणलंय," म्हटलं.

"आण," मावशी म्हणाल्या. "आज शिळा सणच आहे."